दोन काठ्या, चार बोटं

ताई बोलून बसली होती, आणि बोलल्यावर माघार घेणं तिच्या रक्तात नव्हतं. तसं ते त्या घरात कुणाच्याच रक्तात नव्हतं. पाण्याच्या पंपावरून दोघा भावांनी एकवीस दिवस अबोला धरला होता आणि एकमेकांना मीठ मागायचं झालं तरी शेळीला उद्देशून मागितलं होतं, ही काही फार जुनी गोष्ट नाही. त्याच दोघांची ती थोरली बहीण. चौतीस वर्षं दवाखान्याच्या चाळीस खाटांच्या वॉर्डात मेट्रनबाईंच्या, म्हणजे तिच्या, परवानगीशिवाय माशीसुद्धा बसत नव्हती.

शुक्रवारी सकाळी न्याहारीला ती उभी राहूनच म्हणाली, "रविवारी संध्याकाळपर्यंत मला कडी लागेल असं दार मिळालं नाही, तर सोमवारच्या पहिल्या बसने मी शहरात जाते. माझी मैत्रीण खोली झाडून वाट बघतेय."

कारण तसं किरकोळ होतं. निवृत्त होऊन ती तीन महिन्यांपूर्वी शेतावरच्या या घरी परत आली, तेव्हापासून तिचा पलंग मधल्या खोलीत होता. मधली खोली म्हणजे नावाला खोली. एका बाजूला स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला गोठ्याकडे जाणारं दार, आणि मधून अख्ख्या घराची ये-जा. बूट घालायचे तर ताईच्या पायांशी बसून, रेडिओ ऐकायचा तर ताईच्या उशाशी. तेही तिने सोसलं होतं. पण शुक्रवारी पहाटे तिला पायाशी काहीतरी छान उबदार लागलं. गरम पाण्याची पिशवी ठेवली वाटतं कुणीतरी, असं वाटून तिला गहिवरूनही आलं. मग पिशवी शिंकली. धाकट्याने शेळीचं पिल्लू तिच्या पांघरुणात ठेवलं होतं.

"बाहेर दव गोठलंय, ताई," तो म्हणाला. "आणि तुझे पाय तसेही गार असतात. म्हटलं, दोघांचंही भागेल."

तर ती बोलून बसली, आणि बॅगही भरून बसली. बॅग सगळ्यांना दिसेल अशी पलंगावर ठेवली. खरी अडचण पुढेच होती. तिला जायचं नव्हतं. मैत्रिणीकडे स्वतंत्र खोली होती, कडी होती, दोन खिडक्याही होत्या. पण मैत्रीण सकाळी उठल्यापासून आपल्या पोटाच्या तक्रारी सांगायची आणि संध्याकाळी वारलेल्या डॉक्टरांची नावं मोजायची. इथे तीन महिन्यांत ताई जितकी चिडली होती तितकी आयुष्यात चिडली नव्हती, आणि जितकी हसली होती तितकी त्या चौतीस वर्षांत मिळून हसली नव्हती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर दार होळीपर्यंत रखडलं असतं, हे तिला भावांचे स्वभाव माहीत असल्याने पक्कं ठाऊक होतं.

कारण त्या घरात कामं रखडण्याची एक पद्धत होती. हिवाळ्यात शेत निजलं की हे लोक घर उकलायला घेत. स्वयंपाकघराच्या दाराच्या मागच्या बाजूला खडूने यादी लिहिलेली असे. तिच्यात "कोंबड्यांच्या खुराड्याचं दार बाहेर उघडेल असं करणे" हे काम सलग नववा हिवाळा बघत होतं. यंदा यादीत सगळ्यात वर, दोन रेघा ओढून, "ताईची खोली" होती. कोठाराची मागची बाजू भिंत घालून वेगळी काढायची, खिडकी पाडायची, दार बसवायचं. भिंत आणि दाराची चौकट धाकट्याने हिवाळ्याच्या सुरुवातीलाच उभी केली. तो इलेक्ट्रिशियन, पण गवंडीकामाला कधी नाही म्हणायचा नाही. कुठल्याच कामाला तो नाही म्हणायचा नाही, हीच त्याची खोड होती. दार थोरल्याकडे. थोरला सुतार होता आणि चांगला सुतार होता, त्यामुळे लोकांची दारं आधी व्हायची.

शुक्रवारच्या धमकीनंतर मात्र शेडमधून दोन दिवस रंधा थांबला नाही.

रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर थोरला दार खांद्यावर घेऊन आला. दार देखणं झालं होतं. चार फळ्या, मागे तीन आडव्या पट्ट्या, आणि पितळी कडी. त्याच्या बायकोने, म्हणजे टेलरबाईंनी, ती कडी चिंच लावून फडक्याने घासून आरशासारखी केली होती. धाकट्याची बायको शाळेत गणित शिकवायची. ती हातात बिजागरीचे स्क्रू घेऊन, ते तिसऱ्यांदा मोजत उभी होती. अप्पा, म्हणजे या तिघांचे वडील, अंगणात उन्हाला पालथ्या खोक्यावर बसले होते. त्यांची काठी त्यांच्याकडे नव्हती. ती आत, कामावर होती.

त्या काठीबद्दल सांगायला हवं. या घरात टेप नव्हती. आणलेली प्रत्येक टेप आठ दिवसांत नाहीशी व्हायची. एक घराच्या पायाखाली गाडली गेली होती आणि एक बोकडाने खाल्ली होती, निदान तसा संशय होता. शेवटी अप्पांनी कायदा केला की टेप झोल खाते, काठी खात नाही. तेव्हापासून घरातलं एकूण एक माप अप्पांच्या शिसवी काठीने घेतलं जाई. जेवणाचं टेबल दोन काठ्या. स्वयंपाकघराची खिडकी एक काठी. काठीत बसलं नाही तर पुढे बोटं. टेलरबाईंच्या गळ्यात कायम टेप असायची, पण ती कापडाची, लाकडाला लावली तर बिघडते, असं त्यांनी लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच जाहीर करून स्वतःची टेप वाचवली होती.

दाराचं माप दोन काठ्या, चार बोटं. हे दोन्ही भावांना पाठ होतं.

थोरल्याने दार चौकटीत उभं केलं. रुंदीला तो नेहमी जास्त ठेवायचा आणि जागेवर रंधा मारायचा, त्यामुळे रुंदी नीट झाली. वरची बाजू चौकटीला टेकवून बिजागऱ्या बसवल्या. स्क्रू पिळले. मग सगळे दोन पावलं मागे सरले आणि सगळ्यांची नजर एकदमच खाली गेली.

दाराखालून पलीकडची अख्खी फरशी दिसत होती. फरशीवर शेळीचं पिल्लू उभं होतं. त्याने मान वाकवली आणि दाराखालून इकडच्यांकडे पाहिलं.

"चार बोटं," गणितबाई म्हणाल्या.

"चौकट मोठी आहे," थोरला म्हणाला.

"दार छोटं आहे," धाकटा म्हणाला.

आणि सुरू झालं.

"मी स्वतः काठी लावून माप घेतलं. दोन काठ्या, चार बोटं. मांडणीवर खूण आहे, जाऊन बघ."

"मीही काठीच लावली होती, दादा. काय ऊस लावला होता का?"

"चार बोटं कुणाची लावलीस?"

"माझीच. शेजाऱ्याची मागून आणू?"

"हात दाखव."

धाकट्याने हात दाखवला. थोरल्याने आपला शेजारी धरला. थोरल्याची बोटं सुताराची, गाजरांसारखी. धाकट्याची वायरी सोलणारी, बारीक. दोघांनी आळीपाळीने एकमेकांची बोटं चौकटीला लावून पाहिली. ताई हे सगळं हाताची घडी घालून बघत होती, आणि मधूनच घड्याळाकडे नजर टाकत होती. सहा वाजता अंधारतं. अंधारेपर्यंत दार झालं नाही, तर सोमवारी तिला खरंच जावं लागणार होतं. दार लागलं नाही तरी राहते, असं म्हणता आलं असतं. पण मग उरलेलं आयुष्य दर सकाळी पायाशी शेळी. आणि त्याहून वाईट म्हणजे, मेट्रनबाई नुसत्या बोलतात, हे घराला कळलं असतं.

"जाड बोटांनी मोजलं तर दार मोठं व्हायला हवं," गणितबाई म्हणाल्या. "भावजींची बोटं जाड. म्हणजे त्यांचं दार उलट उंच यायला हवं होतं. चूक ह्यांचीच असणार."

"अगं, तू कुणाच्या बाजूची?" धाकटा म्हणाला.

"मी उत्तराच्या बाजूची."

टेलरबाईंनी ही संधी सोडली नाही. "मी भावजींच्या बाजूने आहे. आमच्या ह्यांनी मापात कधी चूक कबूल केली आहे? स्वतःच्या शर्टाचं माप सांगतात ते लग्नातलं. पोट वाढलं तर म्हणे कापड आटलं."

"कापड आटतंच," थोरला म्हणाला.

थोडक्यात, पाच मिनिटांत नवरे-बायका उलटसुलट विभागले गेले होते आणि कोण कुणाच्या बाजूला आहे हे फक्त पिल्लालाच कळत असावं. त्याने दाराखालून नाक इकडे काढलं आणि परत आत घेतलं.

शेवटी गणितबाईंनी काठी हातात घेतली आणि सगळ्यांना गप्प केलं. चौकट मोजली: दोन काठ्या, आठ बोटं. दार मोजलं: दोन काठ्या, चार बोटं.

थोरल्याने फक्त खिशातून पेन्सिल काढली, कानावर ठेवली आणि धाकट्याकडे पाहिलं. बोलला असता तर बरं झालं असतं.

"थांबा," धाकटा म्हणाला. तो स्वयंपाकघराकडे वळला. "थांबा जरा. जेवणाचं टेबल किती आहे?"

"दोन काठ्या," सगळे म्हणाले. हे त्या घरात विचारायची गोष्टच नव्हती.

धाकट्याने काठी हिसकावली, स्वयंपाकघरात गेला, टेबलावर आडवा झाला. सगळे मागोमाग गेले. टेबल दोन काठ्या, चार बोटं भरलं.

"टेबल वाढलं," टेलरबाई म्हणाल्या.

"थंडीत लाकूड फुगतं," धाकटा आशेने म्हणाला.

"थंडीत लाकूड आकसतं," थोरला म्हणाला. "आणि सुतार मी आहे."

मग कुणालाच राहवेना. खिडकी मोजली, ती एक काठी दोन बोटं निघाली. कपाट मोजलं, त्यात काही पातेली पडली. ताईचा पलंग मोजला, बॅगेसकट. गणितबाई खडूने यादीच्या खालीच आकडे लिहीत चालल्या. घर सगळ्या बाजूंनी वाढलं होतं. कोंबड्यांचं खुराडं मोजायला धाकटा बाहेर धावला, आणि दार आत उघडत असल्यामुळे नेहमीप्रमाणे आत अडकला.

त्या गडबडीत ताई चहाचा कप घेऊन अंगणात गेली. एकतर तिला कुणाचं तोंड बघवत नव्हतं. आणि दुसरं म्हणजे, घरात एवढा गोंधळ चालला असताना अप्पांनी आतापर्यंत एकदाही "काय चाललंय?" असं विचारलं नव्हतं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या त्या माणसाला दोन शेतं पलीकडच्या भांडणाचंही कारण लागायचं.

"चहा," ती म्हणाली.

"ठेव," अप्पा म्हणाले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "लागलं का दार?"

"चार बोटं छोटं झालंय."

"हं," अप्पा म्हणाले, आणि चहाकडे असं बघू लागले की जणू चहा पहिल्यांदाच पाहताहेत.

ताईने ती बघण्याची तऱ्हा ओळखली. गोळी गालात लपवून ठेवणारे पेशंट असेच बघायचे. आणि एकदम तिला त्यांच्या चालण्याची आठवण झाली. ती घरी आली त्या आठवड्यात अप्पा चालायचे तेव्हा उजवा खांदा कानाला लागायचा. तीच म्हणाली होती, अगदी सहज, भाजी चिरता चिरता, "अप्पा, काठी उंच होतेय तुम्हाला. कोपर बघा किती वर जातंय." अप्पा दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते. पण गेले काही आठवडे कोपर अगदी पुस्तकात काढल्यासारखं वाकत होतं. ते तिने पाहिलं होतं, आणि मनात बरं वाटून तिथेच विसरून गेली होती.

ती शेजारच्या खोक्यावर बसली. "किती कापलीत?"

अप्पांनी चहाचा एक घोट घेतला. मग दुसरा घेतला.

"दोन बोटं," ते म्हणाले.

"कधी?"

"धाकट्याची चौकट झाल्यावर. थोरला एकदा बाहेर गेला होता, तेव्हा त्याच्या शेडमध्ये. खालचं रबर परत बसवलं, कुणाला दिसण्यासारखं नाही." "मला काय माहीत, दार अजून व्हायचंय म्हणून? मला वाटलं, चौकट झाली म्हणजे दारही झालं असेल. या घरात कोण कधी काय पुरं करतं ते कळतं का?"

ताईला हसू फुटणार होतं. ते तिने आवरलं, कारण अप्पा अजूनही तिच्याकडे बघत नव्हते.

"काठी नाही वाढलेली, ताई. मी कमी झालोय. हे तुलाही माहीत आहे, तू बोललीसच की. अख्खं घर माझ्या मापाने उभं आहे. एकदा त्यांना कळलं की म्हातारा आटायला लागला, की मग खुर्चीवर बसवतील आणि डोक्यावरून आपसात बोलतील. अप्पांना विचारू नका, अप्पांना दमवू नका. तू वॉर्डात हेच बघितलंस ना?"

तिने बघितलं होतं. खोटं कशाला, तिने केलंही होतं. पेशंटच्या डोक्यावरून मुलाशी बोलायचं, जेवलेत का हे. तिला त्या क्षणी तसं बोलणाऱ्या सगळ्यांची लाज वाटली, आणि आपली जास्त वाटली.

"सांगायचं असेल तर सांगून टाक," अप्पा म्हणाले. "दार तुझं आहे, ते मी बिघडवलं. थोरला म्हणतोय धाकट्याने केलं, धाकटा म्हणतोय थोरल्याने, आता पुन्हा एकवीस दिवस शेळीशी बोलत बसतील. सांग त्यांना. पण सोमवारी जाऊ नकोस. तू आल्यापासून मला रात्री झोप लागते."

एवढं बोलून त्यांनी कप पुन्हा तोंडाला लावला. तो मघाशीच रिकामा झाला होता.

ताई आत आली तेव्हा सगळे पुन्हा दारापाशी जमले होते. धाकट्याच्या केसांत कोंबडीचं पीस होतं. काठी भिंतीला टेकवून ठेवली होती आणि चौघंही तिच्याकडे बघत होते.

"म्हणजे घरातलं सगळंच वाढलंय," धाकटा सावकाश म्हणत होता, "एक काठीला दोन बोटं, दोन काठ्यांना चार. मग सगळं घर कसं वाढेल? वाढलं नसेलच. मग काठीच..."

आणि तो थांबला. थोरल्याने कानावरची पेन्सिल काढून खिशात घातली. गणितबाईंच्या हातातला खडू हवेत राहिला. टेलरबाईंनी गळ्यातल्या टेपचं टोक उगीच बोटाला गुंडाळलं. त्या घरात पाच माणसं एका ठिकाणी गप्प उभी असण्याचा हा बहुधा पहिलाच प्रसंग होता, आणि ताईला वाटलं, आता एक श्वास जरी जास्त गेला तरी कुणीतरी ते वाक्य पुरं करणार.

"मीच सांगितलं होतं," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"दार चार बोटं कमी ठेवा, असं मीच सांगितलं होतं." वॉर्डमधला आवाज तिला बऱ्याच दिवसांनी काढावा लागला, पण तो जागेवरच होता. "हवा खेळायला हवी. बंद खोलीत शेगडी असते, धूर कोंडतो. दवाखान्यात सगळी दारं खालून उघडी असतात. चार बोटं हा नियम आहे."

"कुणाला सांगितलं होतंस?" थोरल्याने विचारलं.

ताईने एवढा पुढचा विचार केला नव्हता. "शेळीला," ती म्हणाली. "तुम्हाला निरोप तिच्याकडूनच मिळतात ना?"

आता हे काही पटण्यासारखं नव्हतं. घरात भडकाच उडायला हवा होता. निदान थोरल्याने तरी, चार बोटं कमीच हवी होती तर मला दोन दिवस कशाला राबवलंस, असं म्हणायलाच हवं होतं. पण थोरला म्हणाला, "हो, हवा पाहिजेच." धाकटा म्हणाला, "धूर वाईट." टेलरबाई म्हणाल्या, "दवाखान्यात बघितलंय मी, खालून उघडीच असतात." आणि गणितबाई, ज्यांनी आयुष्यात एकही उत्तर रीत दाखवल्याशिवाय मान्य केलं नव्हतं, त्या दूध उतू जाईल म्हणत स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथे दारामागच्या यादीतली "ताईची खोली" खडूने खोडून आल्या. चुलीवर दूध नव्हतं.

ताईला हे जरा विचित्र वाटलं. पण ऊन उतरत चाललं होतं आणि तिची बॅग, पलंग आणि शेगडी अजून हलवायची होती. दोघा भावांनी पलंग उचलला आणि एकदाही भांडण न करता तो आत नेला, हेही विचित्रच होतं.

साडेपाचला ती आपल्या खोलीत गेली आणि तिने दार लावलं. कडी टक्कन बसली. असा आवाज तिने तीन महिन्यांत ऐकला नव्हता. ती पलंगावर बसली, पाय वर घेतले, डोळे मिटले.

दाराखालून खसखस ऐकू आली. तिने डोळे उघडले. फटीत पितळी अंगठी घातलेला एक हात आणि थोडीशी टेप दिसत होती. टेलरबाई पलीकडे फरशीवर आडव्या झाल्या होत्या.

"ताई, झोपलात का? एक सांगायचं होतं. तुमच्याजवळच ठेवा." टेलरबाई कुजबुजल्या. "गेल्या महिन्यात अप्पांनी माझ्याकडून सगळ्या पँटी दोन बोटं आखूड करून घेतल्या. कुणाला बोलू नकोस म्हणाले. मला वाटतं, काठीचंही तसंच काहीतरी झालंय. आमच्या ह्यांना सांगू नका, ते उगीच हळवे होतील."

"नाही सांगत," ताई म्हणाली.

हात गेला. ताईने जेमतेम पाठ टेकवली असेल, तेवढ्यात गाजरांसारखी चार बोटं फटीतून आत आली आणि फरशीवर हळूच वाजली.

"ताई. मी आहे."

"दिसतंय."

"माझ्या करवतीला शिसवीचा भुसा होता. काळा. मी शिसवीला हात लावून सहा वर्षं झाली. या घरात शिसवीची वस्तू एकच आहे." थोरला खाकरला. "म्हाताऱ्याला कळू द्यायचं नाही. आणि धाकट्याला तर अजिबात नाही. त्याच्या पोटात काही राहत नाही."

"बरं."

धाकटा आला तो पूर्ण डोकं खाली टेकवूनच आला. त्याचा एक डोळा आणि अर्धी मिशी दिसत होती. केसांतलं पीस तसंच होतं. "ताई, गोठ्याच्या दिव्याचं बटण अप्पा बसल्या जागेवरून काठीने दाबायचे. मीच त्या उंचीवर लावून दिलं होतं. काही आठवडे झाले, उठून दाबतात. मी बटण दोन बोटं खाली घेतो उद्या, कुणाला कळणार नाही. तू दादाला बोलू नकोस, तो लगेच नवी काठी करून देईल, आणि मग अप्पांना कळेल की आपल्याला कळलंय."

"नाही बोलत. मिशी काढ तिथून, कडेला माती आहे."

गणितबाई आडव्या झाल्या नाहीत. त्यांनी फटीतून एक घडी घातलेला कागद सरकवला. त्यावर व्यवस्थित रीत मांडली होती: दोन काठ्या अधिक आठ बोटं, बरोबर जुन्या दोन काठ्या अधिक चार बोटं, म्हणून काठी, दोन बोटं कमी. खाली दोन रेघा. त्याच्याही खाली लिहिलं होतं, "वाचून फाडून टाका. मला दाराचं माप घेतानाच कळलं होतं. ह्यांना पंधरा मिनिटं लागली."

ताईने कागद फाडला नाही. घडी करून उशीखाली ठेवला. मग तोंडात पदराचा बोळा कोंबून ती हसली, पलंग हलेपर्यंत हसली, आणि हसता हसता कधी रडू लागली ते तिचं तिलाही कळलं नाही. मग उठून तिने बॅग उघडली आणि कपडे एकेक करून कपाटात लावले. रिकामी बॅग पलंगाखाली ढकलली.

बाहेर फरशीवर टक, टक असा आवाज आला. सावकाश, पण खांदा न उचलता चालणाऱ्या माणसाचा. आवाज दाराशी येऊन थांबला. फटीत काठीचं रबर दिसलं आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन चपला.

"ताई."

"या ना अप्पा, उघडते."

"नको, नको. तुझं दार आहे, लागलेलं राहू दे." थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. त्यांना वाकायला वेळ लागत होता, आणि ती मदतीला उठली नाही, हे तिला फार जड गेलं. मग फटीतून काहीतरी गडगडत आत आलं, फरशीवर एक गोल फेरी मारून तिच्या पायाशी आडवं झालं. दोन बोटं जाडीचा, काळा, गुळगुळीत तुकडा.

"हे तुझ्याकडे असू दे. माझ्या खिशात सापडलं तर पंचाईत." आवाज आणखी खाली आला. "त्यांना कुणाला कळलं नाही ना?"

ताईने तुकडा उचलला. तो अजून त्यांच्या खिशाच्या उबेने गरम होता. स्वयंपाकघरातून भावांचा आवाज येत होता. पंप कुणी बंद केला यावरून दोघं पुन्हा भांडत होते, आणि आवाज नेहमीपेक्षा जरा जास्तच मोठा होता.

"नाही अप्पा," ती म्हणाली. "कुणालाच नाही."